राख्याच्या अंगावरचं औषध

१९ सप्टेंबर, गुरुवार

पितृपंधरवडा लागला की पार्लरला शुकशुकाट. या दिवसांत बायका भुवया खुशाल वाढू देतात. क्रीमवाल्या कंपनीने दिलेली ही फुकटची डायरी गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायला ठेवली होती. गिऱ्हाईकच नाही, तर म्हटलं मनातलं लिहू.

आज एकट्या पार्वतम्मा आल्या, मागच्या गल्लीतल्या. केसांना काळी मेंदी लावून, खांद्यावर टॉवेल घेऊन निवांत बसल्या होत्या आणि एकदम किंचाळल्या. टॉवेलावर गोचीड! रक्त पिऊन टम्म फुगलेली.

"पूनम, हे काय गं बाई? पार्लर हाय का गोठा?"

जुळे सोलापुरात नऊ वर्षं पार्लर चालवतेय, कुणी नाकाला रुमाल लावला नव्हता. आज मेली एक गोचीड माझं नाक कापून गेली.

गोचीड आली राख्यावरून, आणि राख्या आला सासऱ्यांबरोबर. मामांनी जन्मभर मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं राखली. गुडघे गेले तेव्हा कळप थोरल्या भाऊजींच्या, बिरुदेवांच्या हवाली केला आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. येताना एक ट्रंक, एक घोंगडं आणि हा राखेच्या रंगाचा कुत्रा. पुढे पार्लर, मागे दोन खोल्या. माझे यजमान अजिनाथ टेंभुर्णीकडच्या कारखान्यात, शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. म्हणजे आठवडाभर घरात मी, मामा आणि राख्या.

मामा रोज संध्याकाळी पायरीवर बसून डोळे मिटतात आणि राख्याच्या अंगावरून बोटं फिरवतात. गोचीड लागली की नखांत धरून अलगद काढतात आणि साबणाच्या पाण्याच्या डबीत टाकतात. राख्या तेव्हा असा पसरतो की माझ्याकडे फेशियलला आलेली बाईसुद्धा इतकी सैल पडत नाही. पण एक-एक गोचीड काढून कधी संपायच्या?

आज मीच भुवयांचा प्लकर घेऊन बसले. कानामागची एक धरली आणि ओढली. अर्धी हातात आली.

मामा जवळ येऊन बघून म्हणाले, "डोकं आत ऱ्हायलं, पोरी. वडायची नसती, दमानं घ्यायची असती."

भुवया कोरणाऱ्या हाताला आता हे शिकवणार.

२१ सप्टेंबर, शनिवार

कानामागे गाठ आली आहे. मामांनी कनवटीची पिशवी सोडली आणि बिरोबाचा भंडारा चिमूटभर त्या जागी दाबला. मी म्हटलं, जखमेवर असलं काही लावू नका. "हळद तर हाय," म्हणाले.

हल्ली देवळाबाहेरच्या पुड्यांत हळद कुठली असते? पीठ आणि रंग. रंगांचं मला कुणी सांगू नये.

अजिनाथ सकाळी मामांना डोळे तपासायला घेऊन गेले, तेवढ्यात मी मोहीम उरकली. जनावरांच्या औषधाच्या दुकानातून काल बाटली आणली होती. त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिटरला दोन असं काहीतरी होतं. झाकण दिलंय म्हणजे झाकणानेच मोजायचं. चार लिटर पाण्याला आठ झाकणं, आणि गोचिडी चिवट म्हणून वर दोन. भांडी घासायच्या काथ्याने खसाखसा घासलं. गोचिडी लपतात ती जागा पोटाखाली आणि जांघेत, तिथे तर दोनदा. धुवायचं नाही, अंगावरच सुकू द्यायचं, असं दुकानदार म्हणाला होता. राख्या कुईकुई करत होता. अंघोळीला सगळेच करतात.

संध्याकाळी फरशीवर सतरा गोचिडी मरून पडलेल्या. मी झाडूने गोळा करून मामांना दाखवल्या. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

मामांनी त्या बघितल्या, मग राख्याकडे बघितलं. "पान्यात किती घातलंस?"

"बरोबर घातलंय. रोज रंग कालवते मी, प्रमाण कळतं मला."



२३ सप्टेंबर, सोमवार

राख्याचं पोट लालभडक झालंय. जांघेत पाणी सुटलंय, हात लावला की केस चिमटीत येतात. रात्रभर चाटत होता. आडवा होत नाही, उभ्या उभ्याच पेंगतो.

माझं डोकंच फिरलं. मी गिऱ्हाइकाच्या कोपराला आधी थेंबभर रंग लावते आणि एक दिवस थांबते, मगच डोक्याला लावते. आणि इथे उघड्या जखमेवर कुठली तरी पिवळी पूड! मामा पायरीवर राख्याला मांडीशी घेऊन बसले होते. पार्वतम्मा भुवया करायला आल्या होत्या, त्यांच्यादेखत मी बोलले. जरा मोठ्यानेच बोलले.

"तुमच्या त्या पुडीनेच हे झालंय. रंग असतो त्यात, विष असतं. आता हात लावू नका त्याला!"

मामांनी हात काढून घेतला. चटका बसावा तसा लगेच. माझ्याकडे बघितलं, मग राख्याच्या पोटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. 

"ती पिशवी द्या इकडे."

त्यांनी कनवटीची सोडून दिली. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

कानामागची गाठ मात्र बसलीय. ती आपोआपच बसली असणार.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी घंटागाडी येऊन गेली. नंतर मामांनी विचारलं, "पिशवी कुटं ठिवलीस?"

"टाकली."

"कुटं?"

मी गाडी गेली त्या दिशेला हात केला. मामा फाटकापर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. संध्याकाळी पायरीवर बसले तेव्हा दोन्ही हात काखेत होते. राख्या येऊन अंगाला अंग लावून बसला. त्यांनी काखेतून हात काढला नाही.

मला वाटलं, बरं झालं, ऐकलं एकदाचं.

२८ सप्टेंबर, शनिवार

अजिनाथ आले. मी झालेलं सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. राख्याच्या पोटाचं ऐकून हळहळले. पिशवीचं ऐकल्यावर जेवता जेवता हात थांबला.

"आबांची पिशवी टाकलीस?"

"पुडीतला रंग होता तो."

"पुडीतला नव्हता. आई होती तोवर हळकुंडं आणून जात्यावर दळायची, आता वहिनी दळते. दरवर्षी देवाला दाखवून नवा भंडारा जुन्यात मिसळायचा, पण तळाचा काढायचा नाही. पिशवी कधी रिकामी होऊ द्यायची नाही आमच्यात. माझ्या पणज्याच्या हातचा भंडारा होता पूनम त्यात."

"मग हे मला कुणी सांगितलं का?"

"तू विचारलंस का?"

नंतर ते ताटावरून उठून मामांच्या खोलीत गेले.  

देवाचं टाकलं याचं वाईट वाटतंय. ते खरंच चुकलं. पण राख्याची कातडी गेली ती कशाने? ते तर कुणीच बोलत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

आता कळलं कशाने ते.

राख्याने दोन दिवस काही खाल्लं नाही म्हणून रिक्षात घालून डॉक्टर शिवराज यांच्याकडे नेलं. तरुण आहेत, हळू बोलतात. राख्याला उताणं करून बराच वेळ बघितलं. मी भंडाऱ्याचं सांगायला लागले.

"कुठं लावला होता?"

"कानामागे."

त्यांनी कानामागचे केस बाजूला केले. "ही जागा तर स्वच्छ भरलीय. जे झालंय ते पोटावर झालंय. तिथं काय लावलं होतं?"

मी औषधाचं नाव सांगितलं. किती, म्हणून विचारलं. मी सांगितलं, दहा झाकणं. ते पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"मॅडम, लिटरला दोन मिली असतं ते. एका झाकणात पाच मावतं. भाजलंय हे कुत्रं. वरून घासलं का कशानं?"

मी काथ्याचं सांगितलं.  ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

कोमट पाण्याने दिवसातून दोनदा धुवायचं, घासायचं नाही, मऊ कापडाने टिपून घ्यायचं. मलम पातळ लावायचं. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. रात्री जुनी सुती बनियन घालायची. गोळ्या दहा दिवस. आणि घरात उरलेलं ते औषध कुलपात ठेवायचं.

रिक्षात सगळा वेळ ठरवत आले, गेल्या गेल्या मामांना सांगायचं. मामा फाटकातच उभे होते.

"काय म्हनले डागदर?"

"इन्फेक्शन आहे म्हणाले."

"कशानं?"

"नक्की सांगता येत नाही म्हणाले."

हे कसं आलं माझ्या तोंडून मला माहीत नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मामा माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं," आणि बाजूला होऊन रिक्षातून राख्याला उतरवायला वाट दिली. हात लावला नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. पार्लरला पुन्हा गर्दी, नऊ रंगांच्या नऊ साड्यांची चर्चा.

राख्याचं सगळं मीच करते. पाण्यात कोपर बुडवून बघते, लहान मुलाला बघतात तसं. टिपताना तो थरथरतो, पण चावत नाही. मी त्याची एवढी दशा केली, तरी माझा हात चाटतो. नरसाळं घालून चालायला शिकला नाही अजून. दाराला धडकतो, कुंडीला धडकतो, आणि मग मामांच्या गुडघ्यावर येऊन धडकतो.

मामा हात मागे घेतात. "जा, पूनमकडं जा. तिच्या हाताला गुन हाय."

हे ते टोमणा म्हणून बोलत असते तर मी भांडले असते. टोमणा नव्हता.

५ ऑक्टोबर, शनिवार

अजिनाथ म्हणाले, "आबा गप्प गप्प असतात. पिशवीचं मनाला लागलंय." मी मान हलवली. डॉक्टरांनी काय सांगितलं, विचारलं. इन्फेक्शन, म्हटलं. एक खोटं पचलं की दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज सांगणार होते, अगदी देवासमोर ठरवून. दुपारी मामा पार्लरच्या दारापाशी राख्याजवळ बसले होते, मधे हातभर अंतर ठेवून. तेवढ्यात पार्वतम्मा आल्या. दोऱ्याचं एक टोक दातांत धरून मी त्यांच्या भुवया करत होते. त्यांना गप्प बसवत नाही.

"बघा की मामा, सुनेनं वेळंवर धरलं म्हनून वाचलं कुत्रं. तुम्ही जुनी मानसं, अंगारा लावता, भंडारा लावता. आता ते चालतंय का?"

मामा म्हणाले, "व्हय की. चुकलंच माजं."

माझ्या दातांत दोरा होता. दोरा सोडायला किती वेळ लागतो? मी दुसरी भुवईसुद्धा पूर्ण केली. दोन्ही सारख्या झाल्या, पार्वतम्मा आरशात बघून खूश झाल्या.

मला माझीच शिसारी आली. मामांनी ते कबूल केलं तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. राख्याकडेच बघत होते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मामांच्या पाया पडले, आपट्याचं पान हातात दिलं. "सोन्यासारखी ऱ्हा," म्हणाले. दरवर्षी दसऱ्याला पिशवी उघडून सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावायचे. आज दोन बोटं कनवटीकडे गेली आणि परत आली. अजिनाथांनी बघितलं, मीही बघितलं.

सणाचा दिवस, आज कशाला, असं म्हणून आजही सांगितलं नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरांनी नरसाळं काढलं. खपल्या पडल्यात. कडेने बारीक केस येतायत, राखाडी, मऊ. मधला तळव्याएवढा भाग गुळगुळीतच आहे, चकाकतो. "वाट बघू," म्हणाले डॉक्टर. अजून पंधरा दिवस मलम.

घरी येऊन मामांना दाखवलं. त्यांनी वाकून लांबूनच बघितलं.

"हात लावून बघा की मामा. आता चालतंय."

"नगं. बरं व्हाय लागलंय, कशाला उगं?"

त्यांच्या बोटांना एवढंच काम उरलं होतं, तेही मी काढून घेतलं. आता मी सांगेन. शनिवारी अजिनाथ आले की दोघांना एकदमच सांगेन.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नाही सांगितलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मामा गावी गेले. दिवाळी थोरल्याकडे करतो म्हणाले. अजिनाथांनी खूप आग्रह केला, मीही केला. माझा आग्रह किती खरा होता देव जाणे, कारण ते निघतायत म्हटल्यावर छातीवरचं काहीतरी हललं. लिहिताना लाज वाटतेय, पण हलकं वाटलं.

दिवाळीपुरता जाणारा माणूस कपड्यांची पिशवी घेऊन जातो. त्यांनी ट्रंक नेली, घोंगडंही नेलं.

राख्याला मागे ठेवलं. "औषद पुरं हुस्तवर हितंच ऱ्हाऊ दे त्येला." स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षामागे राख्या कोपऱ्यापर्यंत धावला. आता रात्रीचे नऊ वाजलेत, अजून फाटकातच बसलाय.

३० ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीची इतकी गर्दी आहे की जेवायला फुरसत नाही. तरी संध्याकाळी पायरीवर बसून राख्याचं अंग चाचपलं, डोळे मिटून बघितलं. माझ्या बोटांना काही कळत नाही. केस लागतात नुसते.

४ नोव्हेंबर, सोमवार

काल गावाहून आलो. दमलेय, पण आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

पाडव्याला राख्याला घेऊन गाडीने गेलो. भाऊजी आणि जाऊबाई रानात होते. अजिनाथ त्यांना हाक मारायला गेले आणि मामा एकटे लिंबाखाली बाजेवर बसलेले दिसले. राख्या माझ्या हातातून साखळी हिसडून पळाला. मामांच्या पायांत लोळला, वर उड्या मारल्या. मामा हसत होते, "आलं का, आलं का माजं," म्हणत होते, आणि हात काखेतच होते.

ते बघून माझ्याने राहवेना. मी खाली मातीत बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. झाकणं, काथ्या, डॉक्टर काय म्हणाले, मी फाटकात काय सांगितलं, पार्वतम्मांसमोर गप्प का बसले. रडत होते, नाक पुसत होते. तुमच्या हाताने काहीही झालं नाही मामा, असं तीन-चार वेळा तरी म्हणाले असेन.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापास्नं. सारा जलम मेंढरास्नी त्येच औषद घातलं की. जास्ती झालं की पोटाखालची कातडी आदी जाती. मीबी एकदा एक मेंढी भाजलीया."

"मग मी सगळ्यांसमोर बोलले तेव्हा का नाही बोललात?"

"तवा तुला ठावं नव्हतं. न कळता बोललीस, त्येचं काय एवडं? आन त्या बाईम्होरं मी काय सांगू, सुनंनं कुत्रं भाजलं म्हनून?" मग राख्याकडे बघत म्हणाले, "डागदराकडनं आलीस तवा तुला कळलं हुतं. तोंडावर दिसत हुतं तुज्या. मी म्हनलं, आता सांगंल. न्हाय तर उद्या सांगंल. रोज सकाळी च्या आनून द्यायचीस, तवा वाटायचं, आता सांगंल."

मी मातीत बोटाने रेघा ओढत होते.

"मग दसरा झाला. म्हनलं, आपुन म्होरं बसलोय म्हनून पोरीला जड जातंय. बघावं तवा आपलं त्वांड दिसतंय तिला. मग उठलो."

म्हणजे ते रागाने गेले नव्हते. मला सोपं जावं म्हणून गेले होते, आणि मला सोपं गेलंही होतं.

मग त्यांनी काखेतून हात काढला. राख्या लगेच उताणा झाला. मामांनी डोळे मिटून पोटावरून बोटं फिरवली, कडेने, मग मधल्या गुळगुळीत जागेवरून, पुन्हा पुन्हा.

"हितं न्हाय यायचं आता केस," म्हणाले. "बाकी झ्याक भरलंय. बरं केलंस तू त्येचं."

निघताना मी पाया पडून म्हटलं, मामा, दिवाळी झाली, चला घरी. "बघू की," म्हणाले. या घराण्यात बघू म्हणजे नाही, हे लग्नाला दहा वर्षं झाल्यावर मला कळतं. राख्याला त्यांच्यापाशी ठेवून आले. गाडीत बसल्यावर अजिनाथांना सगळं सांगितलं. 

आज मागची पानं चाळली. डॉक्टरांकडून आले त्या दिवसापासून मामा गेले त्या दिवसापर्यंत सव्वीस सकाळी होतात. सव्वीस वेळा मी त्या माणसाच्या हातात चहाचा कप दिला आणि वर न बघता आत निघून गेले.